पाइप किलोवर घ्यायचा की फुटावर?

मे महिन्यात उन्हाळी धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की भंडारा जिल्ह्यात पाइपलाइन टाकायचे दिवस येतात. पऱ्हे टाकायच्या आत बोअरपासून टोकाच्या बांधीपर्यंत लाइन गाडून झाली पाहिजे, म्हणून सगळ्यांची एकदमच घाई. तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, दुकानात प्रश्न एकच असतो. दोन इंची म्हणजे ६३ मिलिमीटरचे दोन करडे पाइप समोर ठेवलेले, दोन्ही सहा मीटर लांब, दोन्हीवर दाबाचा आकडा ‘६ किलो’ छापलेला. एकाचा भाव साडेपाचशेच्या आसपास, दुसऱ्याचा सव्वातीनशे-साडेतीनशे. वर दुकानदार स्वस्त पाइप हातात देतो आणि म्हणतो, ‘वजन बघा ना, कुठे कमी आहे?’

वजन खरंच कमी लागत नाही. आणि गोम तिथेच आहे.

पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक. त्यात डीओपीसारखं तेलकट रसायन भरपूर मिसळलं की ते मऊ होतं आणि त्याची बागेला पाणी द्यायची नळी बनते. शेतीच्या पाइपात हे तेल घालत नाहीत. त्यात पीव्हीसीची भुकटी म्हणजे रेझिन, उष्णता सोसण्यासाठी स्टॅबिलायझर, उन्हापासून बचावासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, थोडं मेण आणि कॅल्शियम कार्बोनेट असतं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे दळलेली चुनखडी. ही पावडर थोडी असली तर ती भेसळ नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवं. शंभर भाग रेझिनला पाच-आठ भाग, बारीक दळलेली आणि स्टिअरिक ॲसिडचा मुलामा दिलेली पावडर चांगले कारखानेही घालतात. त्यानं पाइपाला ताठपणा येतो आणि यंत्रातून माल नीट निघतो. हेच प्रमाण तीस, पन्नास, शंभर भागांवर गेलं की पाइप ताठ राहतो, पण त्याची लवचीकता जाते. दाब आला की तो ताणत नाही, तडकतो.

ठिसूळपणाचा दुसरा रस्ता भंगारातून येतो. जुन्या केबलची सालं, नळ्या, चपलांचे तळवे दळून पाइपात घातले तर त्यांतलं डीओपीही सोबत येतं. तेल आलं म्हणजे पाइप मऊ होईल असं वाटतं, पण होतं उलटं. पीव्हीसीत हे तेल जेमतेम पाच-सात टक्के असेल तर प्लास्टिक मऊ पडायच्या ऐवजी अधिक ताठ आणि ठिसूळ होतं. मऊपणा यायला त्याहून बरंच जास्त तेल लागतं. शिवाय एकदा वितळून झालेल्या मालातला स्टॅबिलायझर बराचसा खर्च झालेला असतो, त्यामुळे असा पाइप उन्हात लवकर पिवळा पडतो.

आता पैशांचं बघू. रेझिनचा भाव कच्च्या तेलाबरोबर आणि आयातीबरोबर हलतो. हिशेबापुरतं रेझिन ८० रुपये किलो आणि पावडर १२ रुपये किलो धरू. दोन इंची, ६ किलो दाबाच्या नियमातल्या पाइपाची भिंत किमान २.२ मिलिमीटर असते आणि सहा मीटरच्या नगाचं वजन साधारण ३.६ ते ४.४ किलो भरतं. चार किलोचा नग धरला तर त्यात रेझिन अंदाजे ३.६ किलो, म्हणजे २८८ रुपयांचं. आता त्याच मापाचा, तेवढ्याच जाड भिंतीचा, पण शंभराला पन्नास भाग पावडर घातलेला पाइप घ्या. रेझिनची घनता १.४ आणि चुनखडीची २.७, म्हणून हा पाइप हलका होत नाही, साडेचार किलोच्या पुढे जातो. त्यात रेझिन ३.१ किलो आणि पावडर दीड किलो, मिळून सुमारे २७० रुपये. म्हणजे माप खरंखुरं ठेवलं तर पावडरीनं कारखान्याचे वाचतात फार तर पंचवीस-तीस रुपये. मग दुकानातला दोनशे-सव्वादोनशेचा फरक आला कुठून?

तो भिंतीतून आला. दोन इंचीत २.२ च्या जागी दीड मिलिमीटरची भिंत केली तर तो खरं म्हणजे ४ किलो दाबाचा पाइप होतो, आणि चांगल्या मालात त्याचं वजन अडीच किलोच्या आसपास भरतं. हाताला ते लगेच हलकं लागेल. पण त्यात शंभराला शंभर भाग पावडर कोंबली की वजन सव्वातीन किलोवर जातं आणि छाप ‘६ किलो’चा मारता येतो. पावडर इथे दुहेरी कामाला येते. ती रेझिन वाचवते आणि पातळ भिंत वजनात झाकते. किलोवर भाव लावणाऱ्या दुकानात तर तुम्ही चुनखडीला प्लास्टिकचा भाव मोजता.

म्हणून पाइप नगावर किंवा मीटरवर घ्यावा, किलोवर नाही, आणि भिंत मोजून घ्यावा. प्लास्टिकचा व्हर्नियर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. पाचसहा जणांनी मिळून एक घेतला तरी गावाचं काम भागतं. पाइपाच्या तोंडाशी चार जागी भिंत मोजा. सगळ्यात कमी आकडा धरायचा, सरासरी नाही. दोन इंचीला ६ किलोसाठी २.२, अडीच इंचीला म्हणजे ७५ मिलिमीटरला २.६, तीन इंचीला म्हणजे ९० मिलिमीटरला ३.१ आणि चार इंचीला म्हणजे ११० मिलिमीटरला ३.७ मिलिमीटर. याच्या खाली एका जागीही जाता कामा नये.

भिंत बरोबर निघाली, तरी आत काय भरलंय ते कळायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पाइपाचा अर्ध्या फुटाचा तुकडा घ्या. दुकानदार देत नसेल तर आधी एकच नग विकत घ्या. पन्नास नगांच्या खरेदीत ती रक्कम जड नाही. तुकडा कोरडा तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्यानं भरलेलं पसरट गंज ठेवून आकडा शून्यावर आणा. तुकड्याला दोरा बांधून तो हातानं पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका आणि आतले बुडबुडे बोटानं काढा. आता काट्यावर जो आकडा दिसेल, तेवढं पाणी तुकड्यानं बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा. भारतीय मानक आयएस ४९८५ प्रमाणे पाइपाची घनता १.४० ते १.४६ च्या दरम्यान हवी. शंभर ग्रॅमचा तुकडा असेल तर पाण्यातला आकडा ६८ ते ७१ यावा. ६० आला तर शंभराला पन्नास भाग पावडर आहे असं समजा. ५४ आला तर पाइपात जेवढं प्लास्टिक तेवढीच चुनखडी. काट्याच्या एखाद-दोन ग्रॅमच्या चुकीला सूट देऊनही भागाकार १.५ च्या वर गेला, तर तो पाइप दाबाच्या लाइनीला घेऊ नये.

फरशी धुण्याचं ॲसिड टाकून फेस येतो का ते बघा, असा एक सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. चांगल्या पाइपातही थोडी चुनखडी असतेच, त्यामुळे किसावर ॲसिड टाकलं तर तिथेही थोडा फेस दिसू शकतो. तुकडा जाळून राख बघण्याचा सल्ला मात्र घातक आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते आणि ती छातीत भरते. राखेची तपासणी प्रयोगशाळेचं काम आहे. मानकाप्रमाणे पाइपातल्या राखेचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आत हवं. जवळच्या सरकारी सोयीत चंद्रपूरची सिपेट ही प्लास्टिकची संस्था येते. एकट्यादुकट्याला तिथे जाणं परवडणार नाही, पण पाणीवापर संस्थेनं किंवा शेतकरी कंपनीनं दोन-चार लाखांचा माल उचलायचा असेल, तर नमुना पाठवण्याचा खर्च त्यात विरून जातो.

घनतेच्या परीक्षेत भंगाराचा पाइप सापडत नाही, कारण तोही प्लास्टिकच. त्यासाठी हातोडी. मानकात पाइपावर शून्य अंशाला वजन पाडून आघाताची चाचणी घेतात. घरी तिची नक्कल करता येते. दोन्ही दुकानांतले तुकडे तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर दगडावर धरून हातोडी मारा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. चांगला तुकडा दबतो, पांढरट वळ उमटतो, फार तर एक चीर जाते. ठिसूळ तुकड्याच्या धारदार कपऱ्या उडतात. एका घावावर निकाल लावू नका, चार-पाच तुकडे फोडून बघा.

एवढी कटकट भंडाऱ्यात जास्तच करावी लागते, त्याला कारणं आहेत. पहिलं म्हणजे जमीन. कन्हार जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दर वर्षी गाडलेल्या पाइपाला थोडी पिळते. लवचीक पाइप ते सोसतो. मोरांडीत हा त्रास कमी. सिहार जमिनीत तर फारसा नाही, पण बरडीत खडे टोचतात. दुसरं कारण चिखलणी. ट्रॅक्टरची लोखंडी केजव्हील बांधीत फिरतात तेव्हा दोन फुटांवर गाडलेला पाइपही त्यांचा भार ओळखतो. तिसरं कारण ऊन. पाइपावरचा दाबाचा आकडा २७ अंश तापमानाला धरलेला असतो. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो आणि धुऱ्यावर उघड्या पडलेल्या पाइपातलं पाणी त्याहूनही तापतं, तेव्हा ६ किलोच्या पाइपाला ६ किलो पेलवत नाहीत. आणि चौथं, ऑटो स्टार्टर. पाळीची वीज रात्री येते, रिकाम्या लाइनीत मोटार एकदम पाणी ढकलते, पुढची हवा दबते आणि वळणावर धक्का बसतो. लाइन बहुतेक वेळा एल्बोजवळ फुटते ती यामुळेच. उंचवट्यावर एक एअर व्हॉल्व्ह बसवायला दोन-तीनशे रुपये लागतात. माझ्या मते सगळ्या लाइनीत एवढा वसूल होणारा दुसरा खर्च नाही, आणि बहुतेक लोक नेमका तोच टाळतात.

आता पूर्ण बिल मांडू. तीनशे मीटरची लाइन, म्हणजे सहा मीटरचे पन्नास नग. भाव ढोबळ आहेत, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. चांगला पाइप ५५० प्रमाणे २७,५०० रुपये. स्वस्त पाइप ३३० प्रमाणे १६,५००. फरक ११,००० रुपयांचा. पण दोन्हींसाठी नाली खोदायला आणि बुजवायला जेसीबी तेवढाच चालतो, त्याचे आठएक हजार धरा. एल्बो, टी, व्हॉल्व्ह आणि सोल्यूशन अडीच हजार, फिटरची मजुरी तीन हजार. हे साडेतेरा हजार दोन्हीकडे सारखेच. म्हणजे एकूण ४१,००० विरुद्ध ३०,०००. दुकानात चाळीस टक्के वाटणारी बचत शेतात सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर येते.

लाइन फुटली तर किती? एका दुरुस्तीला मजूर, दोन कपलर, पाइपाचा तुकडा आणि सोल्यूशन मिळून सातआठशे रुपये. प्रामाणिकपणे बोलायचं तर ११ हजारांचा फरक भरून निघायला चौदा-पंधरा वेळा लाइन फुटावी लागेल, आणि ‘फुटला तर जोडू’ म्हणणारा शेतकरी हाच हिशेब करतो. तो अगदी चुकीचा नाही. फक्त दोन गोष्टी त्यात धरलेल्या नसतात. रोवणा झाल्यावर फुटलेली लाइन जोडायला भरलेली बांधी रिकामी करावी लागते. आणि लाइन पुन्हा टाकायची वेळ आली तर नाली, फिटर, जोड हे साडेतेरा हजार दुसऱ्यांदा जातात.

शिवाय हा फरक जवळपास पुसून टाकणारी एक वाट आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अभियानात पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांना खर्चाच्या निम्मं अनुदान असतं. पीव्हीसीला मीटरमागे ३५ रुपये, एचडीपीईला ५०, आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये अशी त्याची मर्यादा राहिली आहे. तीनशे मीटरला ३५ प्रमाणे १०,५०० रुपये होतात, म्हणजे वरचा ११ हजारांचा फरक जवळपास तेवढाच. हे पैसे मिळतात ते आयएसआय शिक्क्याच्या मालावर आणि पक्क्या बिलावर. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी घेतलेल्या पाइपाचं बिल चालत नाही. चालू वर्षाचे दर आणि लक्ष्यांक तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या, निधी असेल त्याप्रमाणे ते बदलतात. ठिबक-तुषार करणार असाल तर ती योजना वेगळी. तिथे राज्याची भर धरून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे.

इथेच ‘बिल नको, जीएसटी वाचवतो’ हे वाक्य कानावर येतं. पाइपवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे साडेसत्तावीस हजार हा भाव करासकट की कराशिवाय, हे आधी विचारा. फरक पाच हजारांचा पडू शकतो. पण कच्च्या बिलानं कर वाचला की अनुदानही गेलं आणि तक्रारीचा पायाही गेला.

शिक्का खरा की खोटा, हे मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं. आयएसआय चिन्हाच्या वर आयएस ४९८५ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो घातला की परवाना कुणाचा, कोणत्या मालाचा, चालू आहे की संपलेला, ते दिसतं. क्रमांकच नसलेला नुसता त्रिकोणी-चौकोनी शिक्का, किंवा ‘आयएसआय प्रमाणे’ असं लिहिलेला पाइप, म्हणजे बिनशिक्क्याचाच पाइप. रंगाकडेही नजर टाका. नगांची चळत दुकानाबाहेर दोन उन्हाळे पडलेली असेल तर वरच्या बाजूला पिवळट-गुलाबी झाक येते. तसे नग बाजूला काढायला सांगा.

घरच्या पिण्याच्या लाइनीला पाइप घेत असाल तर शिशाचंही बघायला हवं. स्वस्त स्टॅबिलायझर शिशाचे असत. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्टॅबिलायझरवर बंधन घालणारे नियम काढले. पिण्याच्या पाण्यासाठी ‘लेड-फ्री’ असं छापलेला आणि चालू परवान्याचा पाइपच घ्यावा. तिथे पन्नास रुपये वाचवण्याचं कारण नाही.

पावडरवाला पाइप सगळीकडे टाकाऊ मात्र नाही. एका बांधीतलं जास्तीचं पाणी खालच्या बांधीत सोडायला, बोडीच्या सांडव्याला किंवा घराच्या सांडपाण्याला तो चालतो, कारण तिथे दाबच नसतो. बोअरच्या आत मोटार टांगायला मात्र दोन्ही नकोत. त्याला आट्यांचा वेगळा कॉलम पाइप येतो.

काळ्या एचडीपीई पाइपाची आणि ठिबकच्या नळीची परीक्षा आणखी सोपी. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं आणि त्यात उन्हापासून बचावासाठी दोन-तीन टक्के काजळी असते, तरी ते तरंगतं. तुकडा पाण्यात टाका; बुडाला तर आत चुनखडी आहे. लग्नाकार्यात पाय मोडणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांनाही हेच लागू पडतं. त्या पॉलिप्रॉपिलिनच्या असतात, आणि तुटलेल्या पायाचा तुकडा बुडत असेल तर त्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पावडर आहे. मंडप डेकोरेशनवाल्यांनी शंभर खुर्च्या घेण्याआधी एक मोडून बघायला हरकत नाही.

एवढं करूनही शिक्क्याचा पाइप पहिल्या-दुसऱ्या हंगामात तडकला, तर आधी दुकानदाराला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे, आणि शिक्क्याच्या मालाची तक्रार बीआयएस केअर ॲपवरूनही करता येते. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. शेती हा धंदा, तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात शेतकऱ्याला ग्राहक मानलेलं आहे.

दावा टिकतो तो बिलावर आणि तुकड्यावर. बिलावर पाइपाचा व्यास, दाबाचा वर्ग, कंपनी आणि आयएस क्रमांक लिहून घ्या. नुसतं ‘पाइप ५० नग’ असं बिल कामाचं नाही. आणि फुटलेला भाग कापताना छापील ओळ अर्ध्यातून कापू नका. तिच्यात बॅच क्रमांक असतो, आणि तपासणीला पाठवायचा तुकडा तोच लागतो.